भुतांच्या घरात पुढे कोण, मागे कोण

अबू धाबी,
रविवार, ५ ऑक्टोबर

चि. ईश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच अडले. पूर्वी ‘चि. सौ.’ लिहायचे. ‘सौ.’ कोर्टाने काढून घेतलं. ‘चि.’ मात्र मी दिलेलं आहे, ते काढायला कुठल्या कोर्टाला जमायचं नाही. म्हणून तेवढं ठेवलं.

पत्र का, असं तुला वाटेल. तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा वरदने माझ्याकडून शब्द घेतला होता. “आई, ईश्वरीला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही. तिचं तिला जगू दे.” आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून लोकांचे फोन जोडून दिले आणि सुनेला फोन करायची मलाच बंदी! पण मुलाला दिलेला शब्द, पाळला. पत्राबद्दल मात्र तो काही बोलला नव्हता, हे मला परवा चकल्या तळताना सुचलं. केया दर पंधरवड्याला शुक्रवारी तुझ्याकडून, अल ऐनहून, येते आणि रविवारी परत जाते. तिच्या सॅकमध्ये चकल्यांचा डबा आहे आणि डब्याखाली हे पत्र. तेलाचे डाग पडले असतील तर तेवढं चालवून घे.

निमित्त सांगते. पार्कातली भुतांची घरं उघडली. गेल्या वर्षी आम्ही कोणी तिकडे फिरकलोच नाही. तुझ्याशिवाय जायचं म्हणजे जोडीदार नसताना पत्ते पिसत बसायचं. पण या वर्षी केयाला बारा पूर्ण झाली, आता तिला आत सोडतात. आठवतं ना, आपण दोघी आत जायचो आणि ती बाहेर वरदच्या कडेवर पार्क डोक्यावर घ्यायची? आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि मला ‘आजी, डोन्ट एम्बॅरस मी’ असं बजावून आत नेते.

माझी पुण्याची बहीण तेव्हा म्हणाली होती, “सासू-सून एका घरात असताना तिकीट काढून भुतांच्या घरात कशाला जायला हवं?” तू इतकी हसली होतीस की फोन तुझ्या हातातून पडला होता.

तर आमची पाहणी सुरू झाली आहे. पहिलं घर हॉस्पिटलचं. रक्त सांडलंय, दिवे लुकलुकतायत, स्ट्रेचरवरून कोणीतरी एकदम उठून बसतं. मला सारखं वाटत होतं, ही फरशी कोणी पुसत का नाही. एक नर्स भलीमोठी सिरिंज घेऊन अंगावर आली. मी सवयीने बाही वर केली आणि म्हटलं, “लेफ्ट हँड नो. शीर मिळत नाही. राइटमधून घ्या.” दर तीन महिन्यांनी साखर तपासणारी बाई मी, मला कसली सुईची भीती घालता? भूत बिचारं खुदकन हसलं आणि भिंतीमागे गेलं. केया म्हणाली, “आजी! यू ब्रोक द घोस्ट!”

दुसरं घर बाहुल्यांचं. ते बरं आहे. उड्या मारणाऱ्या बाहुल्यांचं काही वाटलं नाही, पण एक नुसती खुर्चीत बसून होती. आपण तिच्यासमोरून जाईपर्यंत तिने काही केलं नाही. आपण पुढे गेलो आणि मागे फक्त खुर्ची करकरली. केयाने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतोय.

तुझा नियम मी केयाला शिकवला. बाहेर आल्यावर माणसाने आधी मोबाईल काढला तर घर नापास. आधी एकमेकांकडे बघितलं तर पास. हॉस्पिटलमधून बाहेर आल्यावर केयाने लगेच फोटो काढले, त्यामुळे ते नापास. बाहुल्यांच्या घराबाहेर आम्ही एकमेकींकडे बघितलं खरं, पण केया लगेच म्हणाली, “युवर ओढणी इज ऑन द फ्लोअर.” ते बघणं धरायचं की नाही, तू ठरव.

दाराशी तोच मुलगा उभा आहे, तेच सांगतो. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवा आणि चालत राहा. मी आपोआप मागे वळले, तू आहेस का ते बघायला. केयाच्या मागे एक फिलिपिनो जोडपं होतं, त्यांनी छान हसून हात हलवला.

पत्र खरं तर वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायला बसले होते. तुझे एका बाबतीत आभार मानायचे राहून गेलेत. पण भुतांचंच इतकं लिहून झालं की केयाची सॅक भरायची वेळ आली.

तुझी (काय लिहू, ते तूच सांग),
वासंती

•

अबू धाबी,
रविवार, १९ ऑक्टोबर

चि. ईश्वरी हिस,
दिवाळीचे आशीर्वाद.

डबा मिळाला. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला आणि रिकामा.

ईश्वरी, तुझ्या माझ्या घरात काय वाटेल ते झालं असेल, पण डबा कधी रिकामा परत गेला नाही. काही नाही तर चमचाभर साखर टाकायची, हे मी तुला शिकवलं नव्हतं, तुझी तूच शिकून आली होतीस. आई लवकर गेली तरी मुलीला वळण कसं लागलं, म्हणून मी तेव्हा सगळ्या सोसायटीत सांगत फिरले होते. त्यामुळे रिकामा डबा बघून मला राग आला. दोन दिवस मी तो ओट्यावर तसाच ठेवला. मग वाटलं, पत्र वाचून तुला काय टाकावं तेच सुचलं नसेल. साखर टाकली तर गोड बोलल्यासारखं होतं, मीठ टाकलं तर भांडण. राग गेला. या वेळी फराळ भरला आहे. करंज्या वरच्या बाजूला आहेत, सांभाळून काढ.

आता तिसरं घर. बुडालेलं जहाज आहे, मोती काढणाऱ्यांचं. पूर्वी इथले लोक समुद्रात बुडी मारून मोती काढायचे ना, त्यांचं. आत ओल्या दोरखंडाचा वास, पायाखाली फळ्या हलतात आणि वरून थेंब पडतात. हे मात्र जमलंय. कोणी अंगावर धावून येत नाही. लांबून कोणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारल्यासारखं करतं, आणि आपण थांबलो की गप्प बसतं. माझ्या मते हे बाहुल्यांच्या वर आणि आपल्या त्या जुन्या सर्कशीच्या घराच्या खाली.

पण जहाज मी अर्धवटच बघितलं. कारण रांगेत उभं असताना केया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “आजी, मम्मा इज गेटिंग मॅरिड. नॉव्हेंबर सिक्स्टीन्थ. आय’म नॉट गोइंग. इट्स बाबाज वीकेंड. इट्स ऑन द कॅलेंडर.”

मी म्हटलं, “कोणाशी?”

“सुयश अंकल. ही टीचेस ॲट द युनिव्हर्सिटी. ही’ज ओके. ही लाफ्स ॲट हिज ओन जोक्स.”

आणि मग आमचा नंबर आला, खांद्यावर हात ठेवा म्हणाले, आम्ही जहाजात गेलो.

आता खरं खरं लिहिते. आधी वाईट वाटलं की नातीच्या तोंडून, रांगेत उभं राहून कळावं. पण मग आठवलं, शब्द देऊन तुझ्याशी बोलणं मीच बंद केलेलं, तर तू कळवणार कशी? सकाळी देवाला फूल वाहताना मी तुझं नाव घेतलं, आणि मला आनंद झाला. हे वाक्य लिहिताना हात थांबला नाही, म्हणजे खरंच झाला असणार.

वरदला सांगायला गेले, तर तो खाली गाडी पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, “माहीत आहे, आई. तिने मला सांगितलंय. चांगला माणूस आहे.” नंतर त्याने ती काच पुन्हा पुसली, आधीच लखलखीत होती. तुम्ही दोघं आवाजसुद्धा न चढवता वेगळे झालात ना, तेव्हापासून माझी ही पंचाईत आहे. कोणावर चिडावं, तेच कळत नाही.

त्या आभारांचं आता लिहूनच टाकते, नाही तर पुन्हा राहील.

हे गेले, तेरावं झालं, वरद मला इकडे घेऊन आला. मी सगळ्यांना चहा करून देत होते, कपड्यांच्या घड्या घालत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. इथली मंडळी भेटायला यायची आणि म्हणायची, काकू किती धीराच्या! मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तू एकटीच म्हणालीस, “आई, तुम्ही घशात काहीतरी अडकवून ठेवलंय.” मी तुला झिडकारलं. आठवड्याने तू म्हणालीस, चला, फिरायला जाऊ, आणि मला त्या सर्कशीच्या घरासमोर नेऊन उभं केलंस. “तुम्ही पुढे व्हा, आई. मी मागे आहे. मागून कोणी आलं तर आधी मला खाईल.”

तिसऱ्या वळणावर तो विदूषक भिंतीतून बाहेर आला आणि मी ओरडले. सगळेच ओरडतात. पण माझं थांबेना. विदूषक मागे सरला, मी ओरडतेच आहे. मग ते रडणं झालं. त्या पोराने आपलं लाल नाक काढून हातात धरलं आणि घाबरून ‘सॉरी मॅडम, सॉरी मॅडम’ करत उभा राहिला. तू मागून मला दोन्ही हातांनी धरलंस आणि म्हणालीस, “ओरडा आई, इथे ओरडायचंच तिकीट आहे.”

मी माझ्या माणसासाठी रडले ते त्या सर्कशीत, ईश्वरी. घरात कोणी मला रडू दिलं नव्हतं. सगळ्यांना मी धीराची हवी होते. त्या दिवसानंतर मी जेवायला लागले, झोपायला लागले. दर वर्षी आपण तिथे गेलो, घरांना मार्क दिले, हसलो, पण याबद्दल मी तुला एका शब्दाने काही बोलले नाही. आपल्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत म्हणतात. तू आता घरची नाहीस, त्याचा एवढा एक फायदा. मनापासून आभारी आहे.

वासंती

•

अबू धाबी,
रविवार, २ नोव्हेंबर

चि. ईश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

खजूर मिळाला. डबा उघडल्यावर मी तशीच स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. पहिला देवापुढे ठेवला, दुसरा मी खाल्ला. साखर वाढेल म्हणून वरद ओरडला. म्हटलं, वाढू दे. चिठ्ठी नव्हती, हे बघितलं. चिठ्ठीची गरजही नव्हती.

काल शेवटचं घर झालं. चौथं, वाळूत गाडलं गेलेलं गाव. ईश्वरी, या गावाला मी सगळ्यांच्या वर बसवलं आहे, सर्कशीच्याही. का ते सांगते, म्हणजे तू माझ्या मार्कांवर हरकत घेणार नाहीस.

आत शिरलं की आधी वास येतो, दाट, उंची अत्तराचा, इथल्या बायका लावतात तसा. माणूस कोणी दिसत नाही. मग एक देखणी बाई, काळ्या अबायात, लांबून नुसती बोलावते. मी सवयीप्रमाणे तिच्या पायांकडे बघितलं. आपल्या हडळीचे पाय उलटे असतात, हिचे कसे ते बघावं म्हणून. पांढरे स्पोर्ट्‌स शूज होते! केया कुजबुजली, “आजी, स्टॉप स्टेअरिंग ॲट हर शूज.” पण पुढे खरी गंमत होती. एक विहीर, तीन दारं. एका दारातून गेलो, वळलो, पुन्हा तीच विहीर. दुसऱ्यातून गेलो, तीच विहीर, तोच दोर. आमच्या मागची माणसं आम्हाला ओलांडून कुठून कशी गेली, कळलंही नाही. केया पुढे होती, ती भराभर चालायला लागली. तिचा खांदा माझ्या हाताखालून सुटला आणि तिचा श्वास मला ऐकू यायला लागला.

माझी कोकणातली आत्या सांगायची, चकवा लागला की चालायचं नाही. जितकं चालाल तितकं फिराल. आहात तिथे बसायचं. मी केयाचा हात धरला आणि विहिरीच्या कडेला बसले. म्हटलं, बस.

“आजी, यू कान्ट सिट इन अ मेझ!”

“मला येतं. बस.”

ती बसली. थोड्या वेळाने अत्तरवाली बाई आली, वाकून म्हणाली, “मॅडम, आर यू ओके? वॉटर?” भुताने पाणी विचारायची माझी ही पहिलीच वेळ. मग तिथला माणूस आला, छातीवर फहद असं नाव, हातात टॉर्च. तो म्हणाला, “यल्ला, अम्मा, खलास, रास्ता इधर है.” मी म्हटलं, “मालूम है बेटा, रास्ता होगा. दो मिनिट बैठने दो.” त्याने माझ्याकडे बघितलं, केयाकडे बघितलं. केयाचे डोळे भरलेले होते. तो म्हणाला, “टेक युअर टाइम,” आणि टॉर्च विझवून बाजूला जाऊन उभा राहिला. देव त्याचं भलं करो.

आणि अंधारात केया बोलायला लागली. ती काय म्हणाली ते तुला कळवू का, असं मी तिला विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, “व्हॉटेव्हर.” म्हणजे हो.

ती म्हणाली, “इफ आय गो, देन इट्स रिअल.”

मी म्हटलं, “तू नाही गेलीस तरी लग्न होणारच आहे गं.”

“आय नो. बट बाबा विल बी अलोन.”

“बाबा एकटा कसा? मी आहे की.”

तिने विहिरीचा दोर ओढून बघितला. नंतर एकदम मराठीत म्हणाली, “आणि तू मम्माची कोण? आफ्टर दॅट?”

मी म्हटलं, “मी तुझी आजी आहे, ते काही बदलत नाही.”

“दॅट्स मी. आय आस्क्ड अबाउट मम्मा.”

उभा जन्म लोकांना हवा तो नंबर जोडून दिला आणि बारा वर्षांच्या मुलीने एवढासा नंबर मागितला तर मला तो जोडता येईना. ती म्हणाली, “सी? देअर इज नो वर्ड. तुम्ही दोघी स्ट्रेंजर्स होणार. मग मी एकटीच मध्ये. आय डोन्ट वॉन्ट टु वॉच दॅट हॅपन.”

तेव्हा मला कळलं, तिला तुझ्या लग्नाचा राग नाही. सुयशचाही नाही. तिला वाटतंय, त्या दिवशी एक माळ तुटेल आणि मणी वेचायला तिला एकटीला बसावं लागेल. मी तिला जवळ घेतलं. खोटं वचन मला द्यायचं नव्हतं.

मग उठायचं म्हणून मी जमिनीवर हात टेकला आणि मला दिसलं. तिन्ही दारांना पडदे होते. उभं असताना तिन्ही सारखे. पण खाली बसून बघितलं तर तिसऱ्या पडद्याखालून उजेडाची एक बारीक रेघ येत होती. मी केयाला दाखवली. ती म्हणाली, “ओह माय गॉड, आजी!” आणि आम्ही त्यातून बाहेर आलो. फहद टाळ्या वाजवत होता.

बाहेर आल्यावर आम्ही आधी एकमेकींकडे बघितलं. मोबाईलची आठवण दोघींनाही झाली नाही. म्हणून हे घर पहिलं. तुझ्या नियमाने.

आज संध्याकाळी बाल्कनीत तुळशीचं लग्न लावलं. अंतरपाटाचं एक टोक केयाने धरलं, दुसरं वरदने. मंगलाष्टकं म्हणताना मध्येच माझा आवाज गेला, तर वरदने पुढची ओळ म्हटली. त्याला येते हे मला माहीतच नव्हतं. आता तुळशीचं लग्न झालं म्हणजे माणसांच्या लग्नांना मोकळीक.

केयाला ‘ये’ म्हणून आग्रह करू नकोस. तिला वेळ दे, रेघ तिची तिला दिसेल. मला बोलाव असंही मी म्हणत नाही. माजी सासूला लग्नात कुठे बसवतात, हे कुठल्याच पंगतीत ठरलेलं नाही, त्यात तुझी ओढाताण नको. फक्त सहज कळवते की सोळा तारखेला मी मोकळी आहे. मला त्या दिवशी काही काम नाही.

डब्यात अनारसे आहेत. एक फसलाय, तो वरदला दिला.

वासंती

•

अबू धाबी,
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. सौ. कां. ईश्वरी हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बघ, मायना लिहिताना या वेळी अडले नाही. नवरीला काय लिहायचं ते आपल्या लोकांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय, त्याबद्दल त्यांचेही आभार.

हे पत्र केयाच्या सॅकमध्ये नाही. हे मी स्वतः घेऊन येते आहे, उद्या. पण काल घरी काय झालं ते तुझ्यासमोर बसून मला सांगता येणार नाही. म्हणून लिहून आणते.

काल संध्याकाळी वरद केयाला घेऊन आला. तिने बूटसुद्धा न काढता सॅकमधून डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. “मम्मा सेड, ओपन इट फर्स्ट, देन आय हॅव टु से द वर्ड.”

डब्यात अक्षता होत्या. कुंकवात रंगवलेल्या, आणि मध्ये एक सुपारी.

मी सुपारी हातात घेतली. एवढ्यानेच माझं काम झालं होतं. मागच्या रांगेतली एक खुर्ची, बस, मी तेवढंच धरून बसले होते. पण केया सरळ उभी राहिली, शाळेत कविता म्हणतात तशी, आणि एक एक अक्षर सांभाळत म्हणाली, “पाठ. रा. खीण.” मग म्हणाली, “मम्मा मेड मी प्रॅक्टिस इन द कार. शी सेड, आजींना विचार, पाठराखीण म्हणून याल का? व्हॉट इज इट?”

ईश्वरी, हा शब्द तुला सुचला कसा? माझ्या लग्नात माझी मावशी पाठराखीण म्हणून आली होती, सासरी चार दिवस माझ्यामागे सावलीसारखी होती. मी तुला ते कधी सांगितलं असेन तर मला आठवत नाही, आणि तू लक्षात ठेवलंस.

मी केयाला म्हटलं, “नवरी नव्या घरी जाते ना, तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक मोठी बाई तिच्याबरोबर जाते. तिच्या पाठीशी राहते. नवरी पुढे, ती मागे. तिला पाठराखीण म्हणतात.”

“लाइक इन द मेझ?”

“हो. अगदी तसंच.”

“सो यू आर मम्माज… साइडची?”

“माहेरची.”

“सो देअर इज अ वर्ड.”

मी म्हटलं, “होता गं. मलाच सापडला नव्हता. तुझ्या आईला सापडला.”

तिने बूट काढले, ते नेहमीसारखे फेकून न देता दाराशी नीट ठेवले. आत गेली, बाहेर आली. मग म्हणाली, “ओके. देन यू’ल बी बिहाइंड मम्मा, अँड आय’ल बी बिहाइंड यू. समवन हॅज टु. यू लूज युअर ओढणी एव्हरी टाइम.”

मी काही बोलायच्या आत ती वरदकडे गेली. मला वाटलं, आता ‘इट्स बाबाज वीकेंड’ निघेल. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “बाबा, विल यू बी ओके?” वरद म्हणाला, “तुम्हाला अल ऐनला पोहोचवायचं कोणी, ते तर मलाच करायचंय. मी तिथे बाहेर मस्त कडक करक चहा पिईन, परतीला तुम्हाला घेईन.” मग तो माझ्याकडे वळला. “आई, तुझी ती जांभळी पैठणी लाँड्रीत टाकलीय. उद्या दुपारी मिळेल.” म्हणजे त्याने ती आधीच नेली होती! मी विचारलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, “ईश्वरीने मला विचारलं होतं, आईंना चालेल ना म्हणून. मी म्हटलं, विचारून बघ, नाचत येईल.” नाचत बिचत मी येणार नाही, माझे गुडघे तुला माहीत आहेत. पण येणार, हे त्याने बरोबर ओळखलं. आणि मला घातलेली फोनची बंदी त्याने काल उठवली. पण पत्रांची मला आता सवय लागली आहे, ती मी सोडणार नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक शंका आली, तीही लिहून टाकते. पाठराखीण सवाष्ण असावी, असं कोणी ना कोणी उद्या कुजबुजेल. सुयशची आई नाशिकहून येते आहे, तिला काय वाटेल, असंही मनात आलं. मग म्हटलं, मी चार-चार भुतांच्या घरांतून धडधाकट बाहेर आलेली बाई. मला कसला अपशकुन चिकटतोय? तू मला बोलावलंस तेव्हा हा विचार केला नाहीस, तर मी तरी का करू?

सुयशला मी अजून बघितलेलं नाही. केया म्हणते, त्याने तिला सरळ सांगितलं, मला मेझची भीती वाटते, मी बाहेर उभा राहून तुमच्या बॅगा सांभाळीन. भीती वाटते हे कबूल करणारा माणूस बरा. आणि बॅगा सांभाळणारा कोणीतरी लागतोच. पुढच्या वर्षी आपल्याला फार सोयीचं पडेल.

त्याचं घर तुझ्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे आहे, असं कळलं. म्हणजे माझी पाठराखण दोन सिग्नलांची. हरकत नाही, तेवढीही मी नीट करीन. दाराशी माप ओलांडताना तुला क्षणभर वाटेल, मागे कोणी आहे का. प्रत्येक नवरीला वाटतं, मलाही वाटलं होतं. वळून बघायचं कारण नाही. तुझ्या खांद्यावर माझा हात असेल आणि माझ्या खांद्यावर केयाचा. मागून कोणी आलं तर आधी तिला खाईल, आणि ती काही कोणाला सोडायची नाही.

डबा मी बरोबर आणते आहे. त्यात काय आहे ते आता सांगत नाही, पण रिकामा नाही.

तुझी पाठराखीण,
वासंती